दुचाकीचे पक्के लायसन्स: हळू चालवण्याची तयारी

माझ्या भाचीने मोटारसायकलच्या पक्क्या लायसन्सची चाचणी दिली, त्या दिवसापर्यंत ती मागे वडिलांना बसवून सलग दीड महिना वारजे ते कोथरूड अशी गाडी चालवत होती. रहदारीची तिची भीती गेली होती, गिअर सहज पडत होते आणि सिग्नलला गाडी बंद पडणेही थांबले होते. तरीही मैदानावर आठचा आकडा काढताना दुसऱ्या वळणात तिची गाडी डगमगली, डावा पाय जमिनीला लागला आणि निरीक्षकांनी तिला सात दिवसांनंतर पुन्हा यायला सांगितले. घरी आल्यावर तिने विचारलेला प्रश्न रास्त होता: रस्त्यावर नीट चालवता येते, मग इथे काय चुकले? तिला मी जे उत्तर दिले आणि पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात आम्ही जी तयारी केली, ती येथे सविस्तर मांडत आहे. उत्तर थोडक्यात असे, की ताशी ३० किलोमीटर वेगाला गाडी आपला तोल बराचसा आपणच सांभाळते, पण ताशी पाच-सहा किलोमीटरला तो चालवणाऱ्यालाच सांभाळावा लागतो. आणि मैदानावरच्या चाचणीत मुख्यतः हा दुसरा तोल पाहिला जातो.

कच्चे लायसन्स आणि दिवसांचा हिशेब

कच्च्या, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर करावा लागतो, आणि आधार क्रमांक वापरून घरबसल्या त्याची परीक्षा देण्याची सोय महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असून केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. वाहतुकीच्या चिन्हांची एक साधी विभागणी लक्षात ठेवली, तर निम्मे काम होते: गोल चिन्हे आज्ञा देतात, त्रिकोणी सावध करतात आणि चौकोनी माहिती देतात. घरात बसून परीक्षा देता येते म्हणून शेजारी कोणालातरी उत्तरे सांगायला बसवण्याचा मोह काही जणांना होतो. तसे करू नये, कारण जो प्रश्न दुसऱ्याने सोडवला तो पुढे चौकात आपल्यालाच एकट्याने सोडवावा लागणार असतो.

अर्जात कोणता वाहनप्रकार निवडला आहे हे दोनदा तपासावे. 'गिअरसह मोटारसायकल' आणि 'गिअरविना मोटारसायकल' हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि ज्या प्रकारासाठी अर्ज असेल त्याच प्रकारच्या गाडीवर चाचणी द्यावी लागते. पुण्यात घरोघरी स्कूटर असल्यामुळे अनेक जण तीच चाचणीला नेतात आणि गिअरविना प्रकाराचे लायसन्स घेतात. मग वर्षभराने मोटारसायकल घ्यायची ठरली, की अर्ज, शुल्क आणि चाचणी हे सगळे नव्याने करावे लागते. मोटारसायकल चालवण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर सुरुवातीलाच गिअरसह प्रकार निवडणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी वय १८ पूर्ण असावे लागते. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळणारे लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरते असते, त्यामुळे अकरावीतल्या मुलाच्या हाती ११० सीसीची स्कूटर देणे कायद्यात बसत नाही. अर्जासोबत आपल्या शारीरिक क्षमतेचे घोषणापत्रही द्यावे लागते, आणि वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या घोषणापत्रात स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, असा प्रश्न असतो. सवयीने 'होय' लिहिण्याआधी खाली जाऊन, मोठ्या पावलांनी अंतर मोजून, खरोखर वाचून पाहावे. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांना आपल्याला चष्मा लागला आहे हे असेच कळले.

कच्चे लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. हा काळ पुष्कळ वाटतो, म्हणून बहुतेक जण पाचव्या महिन्यात जागे होतात आणि मिळेल ती तारीख घेतात. तसे न करता दुसऱ्या महिन्याच्या अखेरीची तारीख घ्यावी. नापास झालेल्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, पण तीनदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीनंतर ६० दिवस थांबावे लागते. शेवटच्या महिन्यात गेलेल्या माणसाला हे ६० दिवस परवडत नाहीत आणि कच्च्या लायसन्सपासून सगळे पुन्हा सुरू करावे लागते.

शिकण्याच्या काळातले दोन नियम पुण्यात सर्रास मोडले जातात. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर असले पाहिजे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे असे नियम सांगतो, त्यामुळे नंबरप्लेटच्या कोपऱ्यात चिकटवलेले बोटभर स्टिकर पुरेसे नाही. दुसरे, शिकाऊ चालकासोबत पक्के लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवायचे नाही. मैत्रिणीला डबल सीट घेऊन कॉलेजला जाणे हे कच्च्या लायसन्सवर चालत नाही.

अर्धा क्लच

सरावासाठी पहाटे साडेपाच ते सातची वेळ आणि सोसायटीचे आवार किंवा रिकामे मैदान हवे. ज्यांना आवार नाही त्यांनी नव्या वसाहतींतले, अजून रहदारी सुरू न झालेले सिमेंटचे रस्ते शोधावेत, पण तेथे बांधकामाची बारीक वाळू पसरलेली असते, म्हणून आधी झाडू मारून घ्यावा. मी हे अक्षरशः सांगतो आहे. आम्ही रोज खराटा घेऊन जात असू. कमी वेगाने वळताना पुढचे चाक वाळूवर सरकले, तर कितीही कौशल्य असले तरी गाडी पडते, आणि एकदा पडलेल्या शिकाऊ माणसाचा धीर परत यायला आठवडा जातो.

पहिल्या दिवशी गाडी पुढे न्यायचीच नाही. इंजिन सुरू करून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पहिला गिअर टाकावा आणि क्लच इतक्या सावकाश सोडावा की गाडी वीतभर पुढे सरकेल. लगेच क्लच दाबून पायांनी तिला मागे आणावे. हे २० वेळा केले, की क्लचच्या दांडीच्या प्रवासात गाडी नेमकी कुठे 'उचलते' ते डाव्या हाताच्या बोटांना कळू लागते. प्रत्येक गाडीची ही जागा वेगळी असते, आणि म्हणूनच चाचणीच्या दिवशी मित्राची गाडी मागून नेणे धोक्याचे ठरते. ही उचलण्याची जागा धरून ठेवणे यालाच आपण अर्धा क्लच म्हणतो. चारचाकी चालवणाऱ्यांना अर्ध्या क्लचवर गाडी ठेवणे वाईट असे शिकवलेले असते आणि तेथे ते बरोबरही आहे, पण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्या तेलात बुडालेला असतो आणि थोडा वेळ घसरत राहिला तरी तो सहन करतो. तरीही दहा मिनिटांच्या सरावानंतर पाच मिनिटे इंजिन बंद ठेवावे. क्लच तापला, की त्याची उचलण्याची जागा सरकते आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलेच चुकते आहे.

यानंतर उजव्या पायाचे काम सुरू होते. अर्ध्या क्लचवर, किंचित आणि स्थिर अॅक्सिलरेटर ठेवून, मागचा ब्रेक अगदी हलका दाबून गाडी चालवायची. पुढे ओढणारे इंजिन आणि मागे धरणारा ब्रेक यांच्या मध्ये गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. वेग कमी-जास्त करायचा तो अॅक्सिलरेटरने करायचा नाही. तो हात जवळजवळ स्थिर राहतो आणि क्लच केसभर सोडून किंवा दाबून वेग ठरवायचा. पुढच्या ब्रेकला या सरावात हातच लावायचा नाही. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक लागला, की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला आडवी होते, आणि ती इतक्या झटकन होते की पाय टेकवूनही सावरत नाही. एबीएस असलेल्या गाडीवर विसंबूनही हे करू नये. चाक जाम होऊ न देणे एवढेच एबीएसचे काम आहे, तोल सांभाळणे हे त्याचे काम नाही.

गणेशोत्सवात अनेक मंडळे मुलांसाठी स्लो सायकलिंगची स्पर्धा घेतात, ज्यात शेवटी पोहोचणारा जिंकतो. मोटारसायकलवर तीच स्पर्धा स्वतःशी लावावी. मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की घेऊन १५ मीटर लांबीच्या दोन समांतर रेघा एकमेकींपासून फूटभर अंतरावर आखाव्यात आणि त्यांच्यामधून पाय न टेकता जाताना सोबत्याने घड्याळ लावावे. पहिल्या दिवशी पाच सेकंद लागतील. दहा सेकंद लागू लागले, म्हणजे आपण ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, गाडी सरळ नेत आहोत. हे जमेपर्यंत आठच्या आकड्याकडे वळू नये. माझ्या भाचीच्या बाबतीत ही पायरीच राहून गेली होती.

आठचा आकडा

दोन विटा सात-आठ मीटर अंतरावर ठेवाव्यात आणि आधी एकेका विटेभोवती नुसत्या फेऱ्या माराव्यात, एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा. प्रत्येकाची एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. अवघड बाजू कोणती हे पहिल्याच दिवशी कळते आणि माणूस नकळत सोप्या बाजूचाच सराव वाढवत नेतो. म्हणून फेऱ्या मोजाव्यात. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर त्या जोडून आठ काढावा आणि विटा दर दिवशी पाऊलभर जवळ आणाव्यात. मैदानावरच्या आकड्यापेक्षा थोड्या लहान आकड्यावर सराव झालेला असला, की चाचणीचा आकडा ऐसपैस वाटतो.

या आकड्यात तीन ठिकाणी माणसे अडकतात, आणि तिन्ही वेळा मूळ कारण गाडीपेक्षा शरीरात असते.

पहिले ठिकाण म्हणजे नजर. विटेची भीती वाटते म्हणून डोळे विटेवर जातात, आणि जिथे डोळे तिथे हात वळतात, म्हणून गाडी विटेवरच जाते. पुढच्या चाकाकडे पाहिले तर आणखी वाईट, कारण चाक जिथे आहे ती जागा मागे पडलेली असते आणि हँडल सतत उशिरा दुरुस्त होत राहते. वळणात शिरतानाच हनुवटी खांद्याकडे वळवावी आणि वळण जिथे संपणार तिथली जमीन पाहावी. आठच्या मध्यावर रेघा एकमेकींना छेदतात, तिथे पोहोचण्याआधीच नजर दुसऱ्या वर्तुळाच्या लांबच्या कडेला गेलेली असावी. भाचीला मी विटांच्या पलीकडे उभा राहून वळणाच्या शेवटी बोटे दाखवत असे आणि ती किती आहेत हे तिने मोठ्याने सांगायचे असे ठरवले होते. बोटे मोजायला मान वर करावीच लागते. तिसऱ्या दिवसापासून बोटांची गरज उरली नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे कोपर. डावीकडे वळताना हँडलची उजवी बाजू शरीरापासून लांब जाते. माणूस मागे सरकून बसलेला असेल तर उजवा हात पूर्ण ताणला जातो, कोपर ताठ होते, बोटांच्या पेरांवरचा रंग उडतो, आणि या ताणात मनगट सरकून अॅक्सिलरेटर बंद होतो. गाडी आतल्या बाजूला झुकलेली असताना इंजिनची ओढ संपली, की ती आणखी आत झुकते आणि डावा पाय आपोआप खाली येतो. भाचीच्या चाचणीत हेच घडले होते, आणि ते आम्हाला मोबाइलवर तिच्या सरावाचे चित्रण करून पाहिल्यावरच कळले. उपाय साधा निघाला: टाकीला गुडघे टेकतील इतके पुढे सरकून बसायचे, दोन्ही कोपरे किंचित बाहेर वाकलेली ठेवायची आणि वळताना खांद्यांसकट वरचे शरीर थोडे वळवायचे. उजवीकडच्या वळणात उलट होते. उजवा हात पोटाजवळ येतो, मनगट दुमडते आणि अॅक्सिलरेटर नको तितका उघडतो. तेथे मनगट सरळ ठेवून मुठीची पकड सैल करणे एवढेच करायचे असते.

तिसरे ठिकाण म्हणजे घाई. आठ पूर्ण होत आला, शेवटचे पाव वर्तुळ राहिले, की सुटकेच्या भावनेने क्लच एकदम सोडला जातो आणि गाडी रेघेबाहेर जाते. सरावात आठ नेहमी दोनदा काढायची सवय लावली, तर पहिला आठ संपताना शरीर सैल होत नाही.

स्कूटरवर चाचणी देणाऱ्यांना क्लच नसतो, त्यामुळे वरचे सगळे काम डाव्या हातातल्या मागच्या ब्रेकने करावे लागते: अॅक्सिलरेटर किंचित उघडा आणि स्थिर, ब्रेक हलका दाबलेला. अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, की स्कूटर आधी काही करत नाही आणि मग झटका देऊन सुटते. आठच्या आकड्यात नेमका हाच झटका घात करतो.

हात दाखवणे, थांबणे, चढ

निरीक्षक आठच्या आकड्यावरच थांबतील असे समजू नये. केंद्रीय नियम १५ मध्ये चालकाकडून अपेक्षित गोष्टींची मोठी यादी आहे: निघण्यापूर्वी आरशात पाहून इशारा देणे, गिअर क्रमाने बदलणे, वळणाआधी योग्य बाजू धरणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, अचानक थांबावे लागल्यास गाडी ताब्यात ठेवणे, हाताचे आणि दिव्याचे इशारे वेळेवर देणे. यांपैकी काहीही करायला सांगितले जाऊ शकते.

हाताचे इशारे सगळ्यांना पाठ असतात, पण चालत्या गाडीवर ते कोणी करून पाहिलेले नसतात. सगळे इशारे उजव्या हाताने द्यायचे असतात आणि अॅक्सिलरेटरही त्याच हातात असतो, त्यामुळे हात उचलताच गाडीचा वेग पडतो. उजवीकडे वळण्यासाठी उजवा हात तळवा पुढे करून खांद्याच्या रेषेत आडवा पसरायचा, डावीकडे वळण्यासाठी तोच हात पसरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा, वेग कमी करताना तळवा खाली करून हात वर-खाली हलवायचा आणि थांबताना कोपरातून हात सरळ वर उभा करायचा. हे सगळे वळणाच्या बरेच आधी, गाडी सरळ असताना, दुसऱ्या गिअरमध्ये करावे आणि वळण सुरू होण्यापूर्वी हात परत मुठीवर आलेला असावा. इंडिकेटर लावला असेल तर वळण झाल्यावर तो बंद करायला विसरू नये. मोटारीप्रमाणे तो बहुतेक मोटारसायकलींवर आपोआप बंद होत नाही.

थांबण्याचा सराव सरळ रेषेतच करावा. दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हलके आणि मग वाढवत नेत दाबायचे, हँडल सरळ ठेवायचे आणि गाडी थांबण्याच्या शेवटच्या हातभर अंतरात क्लच दाबून डावा पाय टेकायचा, म्हणजे उजवा पाय ब्रेकवर राहतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे समोरचा माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंतच ती साधारण तीन मोटारींची लांबी ओलांडते. हा हिशेब सरावाच्या आवारात फक्कीने आखून पाहिला, की नंतर कर्वे रस्त्यावर पुढच्या बसच्या मागे किती अंतर ठेवायचे हे सांगावे लागत नाही.

चढावर निघताना मागचा ब्रेक उजव्या पायाने धरून ठेवायचा, क्लच उचलण्याच्या जागेपर्यंत सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला की अॅक्सिलरेटर थोडा वाढवून मग ब्रेक सोडायचा. तळजाईकडे चढणारा रस्ता पहाटे यासाठी चांगला आहे, मात्र त्या वेळी तेथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते याचे भान ठेवावे. सिंहगडाचा घाट शिकाऊ चालकाच्या सरावाची जागा नाही.

चाचणीचा दिवस

पुण्यात, म्हणजे एमएच १२ च्या हद्दीत, दुचाकीच्या पक्क्या लायसन्सच्या चाचण्या आळंदी रस्त्यावरच्या फुलेनगर येथील कार्यालयाच्या मैदानावर होत आल्या आहेत, तर चारचाकीसाठी भोसरीच्या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेत जावे लागते. संगम पुलाजवळच्या मुख्य कार्यालयात सकाळी पोहोचून मग धावपळ करणारे उमेदवार मी पाहिले आहेत. वेळ ठरवल्यावर जी पावती मिळते तिच्यावर छापलेले ठिकाण आणि वेळ पाहूनच निघावे. पिंपरी-चिंचवडचे कार्यालय एमएच १४ हे वेगळे आहे. शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन मैदान बाहेरून पाहून यावे: आकडा कोणत्या बाजूने सुरू होतो, रांग कुठे लागते, जमीन डांबरी आहे की सिमेंटची. येरवड्याकडून जाताना बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मार्गिका लागू शकते. तीत दुचाकी घालायची नसते, आणि चाचणीला निघालेल्या माणसाने तर नाहीच नाही.

सोबत कच्चे लायसन्स, अर्जाची आणि शुल्काची पावती, मूळ आधार कार्ड, आणि गाडीची कागदपत्रे, म्हणजे नोंदणीपुस्तक, चालू विमा आणि पीयूसी, असावीत. पीयूसीची मुदत संपलेली असणे हे परत पाठवले जाण्याचे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. कोणत्याही पेट्रोल पंपाजवळ दहा मिनिटांत होणारे ते काम आदल्या दिवशी उरकावे. गाडीचे दोन्ही आरसे जागेवर असावेत, हॉर्न, ब्रेकचा दिवा आणि चारही इंडिकेटर चालू असावेत, आणि टायरमध्ये हवा पूर्ण असावी, कारण पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तर हँडल जड होते आणि आठ काढताना गाडी आपल्या हाताची नाहीच असे वाटते. पुढे-मागे 'एल' पाटी लावलेली असावी. गाडी घेऊन येताना सोबत पक्के लायसन्स असलेले कोणीतरी असावे.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. पुण्यात हेल्मेटच्या सक्तीवर वर्षानुवर्षे वाद झाले आहेत आणि त्या वादात मी कोणत्या बाजूला आहे हे लपवण्याचे मला कारण नाही: सरावाच्या पहिल्या दिवसापासून, आवारातल्या आवारातसुद्धा, ते घालावे. डोक्यावरच्या वजनाची आणि मर्यादित झालेल्या नजरेची सवय आधी झालेली नसेल, तर चाचणीच्या दिवशी मान वळवतानाच अवघडल्यासारखे होते. मुलींनी तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून वर हेल्मेट घातले, तर मान पूर्ण वळत नाही. त्या दिवशी स्कार्फ घरी ठेवावा, आणि ओढणी असेल तर तिची टोके आत खोचावीत. पायात बूट हवेत. चप्पल गिअरच्या दांडीवरून सटकते.

रांगेत उभे असताना गाडीचे इंजिन दोन-तीन मिनिटे आधी सुरू करून गरम होऊ द्यावे, कारण थंड इंजिन कमी वेगाला बंद पडते. आपली वेळ आल्यावर घाई न करता एका क्रमाने गोष्टी कराव्यात: साइड स्टँड वर, हेल्मेटचा पट्टा, आरसे, न्यूट्रल, इंजिन, मग मान वळवून मागे पाहणे, इंडिकेटर, पहिला गिअर. साइड स्टँड खाली राहिला तर अनेक नव्या गाड्या गिअर टाकताच बंद पडतात, आणि घाबरलेल्या माणसाला त्याचे कारण सुचत नाही. पुढचा उमेदवार पाय टेकून बाहेर पडला तरी त्याच्याकडे पाहत बसू नये. ती दोन मिनिटे क्लचची उचलण्याची जागा पुन्हा एकदा चाचपण्यात घालवावीत. निरीक्षकांची सूचना नीट ऐकू आली नसेल, तर पुन्हा विचारावे. त्यात कमीपणा नाही आणि त्यासाठी कोणी नापास करत नाही.

बाहेर उभे असलेले लोक चाचणी न देता काम करून देण्याची तयारी दाखवतात. अर्ज भरायला कोणाची मदत घेणे वेगळे. पण चाचणी टाळण्यासाठी पैसे देणे म्हणजे आपल्याला गाडी ताब्यात ठेवता येते की नाही हे तपासण्याची एकमेव संधी पैसे देऊन घालवणे होय. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने तसे केले आणि पहिल्याच पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर, वळत असताना पुढचा ब्रेक दाबून, त्याने मनगट मोडून घेतले. आठच्या आकड्याचा आठवडाभर सराव केला असता, तर त्या हाताला तेथे पुढचा ब्रेक न दाबण्याची सवय लागलेली असती.

नापास झाल्यास निरीक्षकांना नम्रपणे विचारावे की नेमके कुठे चुकले, आणि ते उत्तर तिथेच लिहून ठेवावे. सात दिवस हा सरावाला पुरेसा काळ आहे, मात्र तो सगळा सराव चुकलेल्या एकाच गोष्टीवर खर्च करावा. भाची दुसऱ्या वेळी गेली, तेव्हा तिने त्या आठवड्यात रोज पहाटे ४० मिनिटे डावीकडच्या फेऱ्यांवरच घालवली होती. आठ काढून ती बाहेर आली तेव्हा तिला स्वतःलाच आठवेना की डावे वळण कधी येऊन गेले.

पास झाल्यावर

लायसन्सचे कार्ड पोस्टाने अर्जात दिलेल्या पत्त्यावर येते, म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पत्ता आणि मोबाइल क्रमांक अर्जाच्या वेळीच पडताळून घ्यावा. 'डिजिलॉकर' किंवा 'एमपरिवहन' या अॅपमधले लायसन्स कायद्याने मूळ कार्डाइतकेच ग्राह्य आहे, त्यामुळे नोंद तेथे दिसू लागल्यावर कार्डाची वाट पाहत अडून राहावे लागत नाही. तिशीच्या आत लायसन्स घेतलेल्यांना ते वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. तीस ते पन्नास वयाच्या लोकांना दहा वर्षांसाठी मिळते.

त्यानंतर 'एल' पाटी काढावी आणि मागे कोणाला बसवायचे असेल तर तो सरावही एकदा आवारातच करावा. पन्नास-साठ किलो वजन मागे आले, की गाडी उशिरा थांबते, वळताना आधी झुकते आणि चढावर निघताना क्लच वेगळ्या जागी उचलतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे, आणि वळणात त्याने चालकाच्या विरुद्ध बाजूला कलायचे नाही हे निघण्यापूर्वी त्याला सांगावे. भाचीने पहिल्यांदा आपल्या आईला मागे बसवले, तेव्हा तिने आधी विटा बाहेर काढल्या आणि आवारात दोन आठ काढून मगच फाटक उघडायला सांगितले.